काटा कुणाच्या हातात: चियापासच्या डोंगरातले सहा दिवस

दिवस पहिला, शुक्रवार, 31 जानेवारी 2025

तुक्स्तला गुतिएरेसच्या विमानतळावर उतरले तेव्हा अंगातून घाम निथळत होता. तासा-दीड तासाने सान क्रिस्तोबाल दे लास कासासला गाडीतून पाय खाली ठेवला तेव्हा दात वाजत होते. मधल्या घाटाने 500 मीटरवरून थेट 2200 मीटरवर आणून सोडलं होतं. वाटेत कानांना दडे बसले, पाइनची झाडं सुरू झाली आणि धुकं काचेला येऊन चिकटलं.

चियापास हे मेक्सिकोचं अगदी दक्षिणेचं, ग्वातेमालाला खेटून असलेलं राज्य. देशातली सगळ्यात जास्त कॉफी इथे पिकते आणि ती पिकवणाऱ्यांत फार मोठा भरणा आहे तो एक-दोन हेक्टरवाल्या आदिवासी शेतकऱ्यांचा: त्सोत्सिल, त्सेल्ताल, चोल, तोहोलाबाल, माम.

गेली काही वर्षं कॉफीचं पाकीट घेताना मी त्यावरचे दोन शिक्के बघत आले, एक सेंद्रियचा आणि एक फेअरट्रेडचा, म्हणजे पिकवणाऱ्याला रास्त भाव देण्याचा. त्यासाठी चार पैसे जास्त मोजले. ते चार पैसे डोंगरापर्यंत पोचतात का, आणि पोचले तर कुणाच्या हाती पडतात, हे एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. एका सहकारी संस्थेशी चार महिने पत्रव्यवहार केला, तेव्हा कुठे बोलावणं आलं. त्या संस्थेचं आणि मी राहिले त्या गावाचं नाव इथे लिहीत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये याच शहरात पाद्री मार्सेलो पेरेस प्रार्थना आटोपून निघाले असताना त्यांना गोळ्या घालून मारलं गेलं. ते स्वतः त्सोत्सिल होते आणि डोंगरातल्या हिंसाचाराविरुद्ध उघड बोलत. वातावरण अजून निवळलेलं नाही. ज्यांनी मला घरात घेतलं त्यांना माझ्या लिहिण्याची झळ बसू नये.

दिवस दुसरा, शनिवार, 1 फेब्रुवारी

सकाळी ‘म्यूझेओ काफे’मध्ये गेले. कॉफी पिकवणाऱ्यांच्या संस्थांनी उभं केलेलं हे छोटंसं संग्रहालय आहे, पुढच्या अंगणात कॉफी मिळते. आतल्या खोल्यांमध्ये या पिकाचा इतिहास मांडलाय. सोबतीला संस्थेतली एक तंत्रज्ञ मुलगी होती. वय तेवीस-चोवीस, त्सोत्सिल तिची मातृभाषा, स्पॅनिश शाळेत शिकलेली. पुढचे पाच दिवस तीच माझी जीभ आणि माझे कान झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सोकोनुस्को या किनाऱ्याकडच्या भागात कॉफीचे मोठे मळे उभे राहिले. मालक बरेचसे जर्मन. मजूर आणायचे ते या थंड डोंगरातून. मुकादम गावात यायचा, सणावाराच्या किंवा दुखण्याच्या वेळी हातावर पैसे ठेवायचा आणि ते फेडायला माणूस मळ्यावर जायचा. मळ्यावरच्याच दुकानातून मीठ-मका घ्यायचा, म्हणजे कर्ज आणखी वाढायचं. या पद्धतीचं नाव ‘एंगांचे’. आकड्यात अडकवणं, असा त्या शब्दाचा अर्थ. मी तिला सांगितलं, आमच्या भाषेत याला ‘उचल’ म्हणतात. तिने तो शब्द दोनदा म्हणून बघितला आणि वहीत लिहून घेतला. तिचे पणजोबा असेच खाली गेले होते. परत आले ते गुडघे गेलेले आणि खिशात कॉफीचं मूठभर बी. डोंगरातल्या कितीतरी घरांत पहिलं झाड असंच आलं, असं ती म्हणाली.

पुढची गोष्ट धावती सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. 1958 मध्ये मेक्सिको सरकारने इन्मेकाफे नावाची कॉफी संस्था काढली. ती बी द्यायची, कर्ज द्यायची, माल घ्यायची. खतं आणि औषधंही तिनेच आणली. जगात भाव धरून ठेवणारा आंतरराष्ट्रीय कॉफी करार जुलै 1989 मध्ये कोसळला, भाव निम्म्यावर आले आणि त्याच सुमारास सरकारनेही इन्मेकाफेतून अंग काढून घेतलं. शेतकरी उघड्यावर पडला. त्या पोकळीत शिरले ते ‘कोयोते’. कोयोते म्हणजे खरं तर कोल्ह्यासारखं एक जनावर. इथे गावोगाव फिरून माल उचलणाऱ्या दलालाला सगळे हेच म्हणतात.

पण डोंगरातली माणसं तोवर एकत्र बसायला शिकली होती. 1974 मध्ये बिशप सामुएल रुईस यांच्या पुढाकाराने सान क्रिस्तोबालमध्ये आदिवासी काँग्रेस भरली. चार भाषांतले लोक आले आणि जमीन, व्यापार, शिक्षण, आरोग्य या चार विषयांवर बोलले. शेजारच्या ओआहाका राज्यात उसिरी ही आदिवासींची संस्था उभी राहिली. तिथे काम करणारे डच पाद्री फ्रान्स व्हान डर हॉफ यांनी आपल्या देशातल्या सहकाऱ्याबरोबर नोव्हेंबर 1988 मध्ये नेदरलँड्समध्ये ‘माक्स हाव्हेलार’ हा शिक्का आणला. आज पाकिटांवर दिसणाऱ्या फेअरट्रेडच्या चिन्हांचं मूळ तिथे आहे. म्हणजे ही कल्पना युरोपातल्या एखाद्या कचेरीतच जन्मली असं नाही. तिचं एक टोक आधीपासून मेक्सिकोतल्या आदिवासींच्या गोदामात होतं. मला हे इथे येईपर्यंत माहीत नव्हतं.

संध्याकाळी चौकात सगळ्यांच्या तोंडी एकच बातमी होती: अमेरिकेने मेक्सिकोच्या मालावर 25 टक्के आयातशुल्काच्या आदेशावर सही केली. संस्थेचा बराच माल अमेरिकेत जातो. मुलगी फोनकडे बघत गप्प बसून राहिली.

दिवस तिसरा, रविवार, 2 फेब्रुवारी

चामुला, मितोंतिक, मग चेनालो. रस्ता डोंगराच्या कडेकडेने उतरत जातो. सान क्रिस्तोबालची थंडी कॉफीला मानवत नाही. जरा खाली, हजार ते सोळाशे-सतराशे मीटरच्या पट्ट्यात ती सुखावते. गाडी उतरत गेली तशी पाइनमध्ये केळी दिसू लागल्या आणि मी समजले की आपण कॉफीत आलो.

चेनालोच्या पुढे आक्तेआल लागतं. मी थांबायची विनंती केली. रस्त्यालगत एक उंच, काळपट स्तंभ उभा आहे, माणसांचे देह एकमेकांत पिळवटलेला. डेन्मार्कचे शिल्पकार येन्स गालशिओट यांनी तो घडवला. पायऱ्या उतरून खाली गेलं की साधं लाकडी देऊळवजा प्रार्थनाघर. 22 डिसेंबर 1997 ला इथे प्रार्थना करत बसलेल्या 45 जणांना सशस्त्र टोळीने मारलं. त्यात बायका आणि मुलंच जास्त. ते ‘लास आबेहास’ म्हणजे ‘मधमाश्या’ नावाच्या संघटनेचे होते, हातात शस्त्र न घेणारे. मेक्सिकोच्या सरकारने या हत्याकांडातली आपली जबाबदारी मान्य करायला 2020 साल उजाडलं.

हे सगळं कॉफीच्या प्रवासात कशासाठी, असं कुणाला वाटेल. डिसेंबर म्हणजे ऐन तोडणीचा हंगाम. त्या वर्षी हजारो माणसं जीव मुठीत धरून घरं सोडून छावण्यांमध्ये गेली. फळं झाडावर पिकली आणि ती बंदूकवाल्यांनी तोडून नेली. वर्षाचं सगळं उत्पन्न गेलं. त्यानंतर दीड-दोन वर्षांत, 1999 मध्ये, लास आबेहासच्या शेतकऱ्यांनी स्वतःची कॉफी संस्था काढली, ‘माया विनिक’, म्हणजे माया माणूस. लुटलेलं पीक परत आलं नाही. पुढचं पीक आपण विकायचं एवढं त्यांनी ठरवलं. मी प्रार्थनाघराच्या बाकावर बराच वेळ बसले. बोलण्यासारखं काही नव्हतं.

गावात पोचायला दुपार झाली. गाडीरस्ता संपतो तिथून चाळीस मिनिटं पायवाट. घर फळ्यांचं, वर पत्रा. स्वयंपाकघर वेगळं, मातीच्या भुईचं, मधोमध जाळ आणि त्यावर कोमाल, म्हणजे मोठा तवा. घरात आजी, तिचा मुलगा, सून, तीन नातवंडं. वयाने मोठ्या बाईला इथे ‘मेतिक’ म्हणतात, मीही तेच म्हणू लागले. पहिला शब्द शिकले तो ‘कोलावाल’, आभार. त्या दिवशी कांदेलारियाचा सण होता, म्हणून तमाल केले होते: मक्याचं पीठ पानात गुंडाळून वाफवलेलं, आत वाल-राजम्यासारखे काळे दाणे. जेवणानंतर कॉफी आली, दालचिनी घातलेली, गोड, पातळ. चांगला दाणा विकायला जातो. घरात उकळतो तो तुटका-फुटका, तरंगून वर आलेला माल. आजीने हे लाज न बाळगता सांगितलं आणि मलाही कप भरताना अवघडल्यासारखं झालं नाही.

दिवस चौथा, सोमवार, 3 फेब्रुवारी

पहाटे पाचला सून कोमालवर भाकरी टाकत होती. मक्याच्या या पातळ भाकरीला त्सोत्सिलमध्ये ‘वाह’ म्हणतात. उजाडायच्या आत आम्ही मळ्यात.

मळा म्हणावा अशी सरळ रांग कुठे नव्हती. उतारावरचं एक जंगलच ते. वर चालुमची झाडं, शेंगावर्गातली. त्यांची पानं गळून जमिनीला पांघरूण होतं आणि मुळं नत्र धरून ठेवतात. मधून केळी, संत्री, आवोकादो. खाली कॉफी, माणसाच्या उंचीची. उतारावर आडवे दगड लावलेले, माती वाहू नये म्हणून. तणनाशक वर्ज्य, म्हणून तण कोयत्याने छाटून तिथेच पसरायचं. फळांची साल-गर कुजवून त्याचं खत. सेंद्रिय शेती म्हणजे ‘काही न घालणं’ असा माझा एक भाबडा समज होता. इथे दिसलं की घालण्याऐवजी हातांनी करायचं काम दुपटीने वाढतं.

टोपली कमरेला बांधून तोडायला लागले. फळ लाल, पूर्ण लाल हवं. एका घोसात लाल, पिवळं, हिरवं सगळं एकत्र असतं. हिरवं तोडलं तर चव तुरट होते आणि पुढच्या तोडणीचं नुकसान. आजी दोन बोटांनी देठ पिळून फळ सोडवायची, देठ फांदीवर तसाच राहायचा. तिचे हात चालताना दिसत नव्हते, टोपली भरताना दिसायची. दुपारपर्यंत माझ्या बोटांना चिकट गोड रस लागून मधमाश्या यायला लागल्या.

इथला हिशोब ‘किंताल’मध्ये चालतो. 245 किलो फळं तोडली की 57 किलो 500 ग्रॅम ‘पेर्गामिनो’ मिळतो, म्हणजे धुऊन वाळवलेला, वर कागदासारखं टरफल असलेला दाणा. टरफल काढलं की 46 किलो हिरवी कॉफी उरते. तो एक किंताल. डोंगरावरून घरापर्यंत 245 किलो कसे येतात? मेकापालवर. रुंद पट्टा कपाळाला लावायचा, त्याच्या दोऱ्यांत पोतं पाठीवर, मान पुढे काढून चालायचं. मुलगा पन्नासेक किलोचं पोतं घेऊन तो उतार चढून गेला. घरी आल्यावर त्याने पट्टा काढला तेव्हा कपाळावर एक आडवी, रुंद, पांढरट पट्टी उमटली होती. ती रात्रीपर्यंत गेली नाही.

संध्याकाळी सालकाढणी. लोखंडी यंत्र हाताने फिरवायचं, एका बाजूने लाल साल पडते, दुसऱ्या बाजूने बुळबुळीत दाणे. दाणे सिमेंटच्या टाकीत आंबायला टाकायचे, चोवीस तास, थंडी जास्त असली तर छत्तीस. कालची टाकी तयार झाली का हे बघायला आजीने एक काठी ढिगात खुपसून उपसून घेतली. भोक तसंच उभं राहिलं. “झालं,” ती म्हणाली. चिकट असेल तर दाणे घसरून भोक बुजतं. मग चार पाण्यांनी धुतलं. धुताना दाणे एकमेकांवर घासून खडीसारखा आवाज येऊ लागतो. तो आवाज बदलला की पाणी बंद.

रात्री फोनला थोडी रेंज आली. आयातशुल्क महिनाभर पुढे ढकललं होतं. सून म्हणाली, “महिन्यात आमची तोडणी संपते.” एवढं बोलून ती पुन्हा मका निवडायला लागली.

दिवस पाचवा, मंगळवार, 4 फेब्रुवारी

आज तंत्रज्ञ मुलगी कामावर होती आणि मी तिच्या मागे. सेंद्रियचा शिक्का फुकट मिळत नाही, आणि अर्ध्या हेक्टरच्या शेतकऱ्याला तो एकट्याने परवडणारही नाही. म्हणून संस्था एकत्रित प्रमाणपत्र घेते. त्यासाठी ‘अंतर्गत तपासणी’ हवी: एका गावातला शेतकरी दुसऱ्या गावातल्या शेतकऱ्याचा मळा तपासतो, प्रत्येक मळ्याचा हाताने काढलेला नकाशा, झाडांची संख्या, शेजारी कोण आणि तो औषध फवारतो का, खत कुठे कुजवलं, टाकीचं पाणी कुठे सोडलं. बाहेरचा निरीक्षक मग नमुन्यादाखल काही मळे बघून या वह्या खऱ्या का ते तपासतो. मेक्सिकोत हे काम करणारी सेर्तिमेक्स ही संस्था 1997 पासून ओआहाकात आहे. त्याआधी निरीक्षक युरोपातून यायचे, त्यांचं विमानभाडं संस्थांनी भरायचं.

आता नवी नियमावली आली आहे. युरोपीय संघाच्या 2018/848 क्रमांकाच्या सेंद्रिय नियमांत एका गटात 2000 पेक्षा जास्त सभासद चालत नाहीत. मोठ्या संस्थांना त्यामुळे स्वतःचे तुकडे पाडावे लागतात. दुसरा नियम जंगलतोडीचा: 31 डिसेंबर 2020 नंतर जंगल तोडून लावलेल्या जमिनीवरची कॉफी युरोपात नको, आणि ते सिद्ध करायला प्रत्येक मळ्याचं अक्षांश-रेखांशासह ठिकाण द्यायचं. हा नियम लागू करणं तेव्हा वर्षभर लांबलं होतं, पण कामाला तेव्हाच लागावं लागत होतं. चार हेक्टरच्या आतल्या मळ्याला एक बिंदू पुरतो.

तो एक बिंदू घ्यायला आम्ही दोन तास चढलो. मुलगी मळ्याच्या मधोमध उभी राहून फोन डोक्यावर धरायची. वर चालुमची एवढी दाट सावली की उपग्रह सापडेना. जंगल राखलं म्हणून सावली आहे, आणि सावली आहे म्हणून जंगल राखल्याचा पुरावा मिळत नाही. शेवटी मालक झाडावर चढून फांदी बाजूला धरून बसला तेव्हा आकडा उमटला. असे अकरा मळे आम्ही दिवसात केले. मला या नियमांचा हेतू पटतो. पण तो पाळण्याचे पाय आणि दिवस ज्यांचे जातात त्यांना त्याचे वेगळे पैसे कुणी देत नाही, आणि हे मला अन्याय्य वाटलं, अजूनही वाटतं.

एका मळ्यात तिने पान उलटं करून दाखवलं. खाली नारिंगी पूड. बोट फिरवलं तर हळदीसारखं उठलं. हा ‘रोया’, तांबेरा. 2012-13 च्या हंगामात याने मध्य अमेरिका आणि दक्षिण मेक्सिकोतले मळे उघडे-बोडके केले. आजीच्या मळ्यातली जुनी बुर्बोन आणि तिपिका जातीची झाडं त्यात गेली. सेंद्रियवाल्यांना तांब्याच्या फवारणीपलीकडे फारसं काही वापरता येत नाही. मग तांबेरा सोसणाऱ्या नव्या जाती लावल्या. झाड पिकाला यायला तीन-चार वर्षं. ती वर्षं घरातला मुलगा शहरात बांधकामावर गेला होता. मळा आजी आणि सुनेने उभा केला, तरी जमिनीच्या कागदावर दोघींचं नाव नाही. संस्थेत मात्र गेल्या काही वर्षांत सून स्वतः सभासद झाली आहे, स्वतःच्या खातेवहीसकट.

रात्री जाळाशी बसून मुलीने वहीत मला भावाचं गणित मांडून दाखवलं. फेअरट्रेडची धुतलेल्या अरेबिकाची किमान किंमत ऑगस्ट 2023 पासून पौंडाला (म्हणजे साधारण 454 ग्रॅमला) 1.80 डॉलर. सेंद्रिय असेल तर वर 0.40. शिवाय 0.20 डॉलर सामाजिक निधी, तो व्यक्तीला न देता संस्थेला मिळतो आणि त्याचं काय करायचं ते सभा ठरवते. बाजार कोसळला तरी याखाली जायचं नाही. बाजार वर गेला तर बाजारभाव द्यायचा आणि वरचे 0.40 आणि 0.20 तसेच राहतात.

“मग अडचण काय?” मी विचारलं.

अडचण अशी की बाजार नुसता वर गेला नव्हता, पेटला होता. ब्राझीलमधल्या दुष्काळाने डिसेंबर 2024 मध्ये 1977 चा भावाचा विक्रम मोडला गेला आणि आम्ही बोलत होतो त्या आठवड्यात न्यूयॉर्कच्या बाजारातला भाव पौंडाला साडेतीन डॉलरच्या वर होता. संस्थेने काही माल ऑक्टोबरातच, भाव बराच कमी असताना, करार करून बांधून ठेवला होता. फेअरट्रेडच्या नियमाप्रमाणे खरेदीदाराकडून कराराच्या 60 टक्क्यांपर्यंत आगाऊ रक्कम मागता येते, त्यातून सभासदाला पोतं आणल्यावर पहिली उचल मिळते; उरलेले पैसे माल परदेशी पोचल्यावर, कधी जून, कधी ऑगस्ट. ज्याच्या घरी ऊस आहे त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. आणि कोयोते? तो आज दारात उभा राहतो आणि सगळी रक्कम रोख देतो, संस्थेच्या उचलीपेक्षा जास्त. शिक्का नको, वही नको, बिंदू नको.

आजी इतका वेळ ऐकत होती. मग ती सांगू लागली आणि मुलगी माझ्यासाठी स्पॅनिशमध्ये आणू लागली. आजीच्या तरुणपणी कोयोते खेचर घेऊन यायचा. त्याच्याकडे लोखंडी दांडीचा काटा होता, एका बाजूला आकडा, दुसऱ्या बाजूला सरकणारं वजन. पोतं आकड्याला लावलं की तो दांडीच्या आणि माणसाच्या मध्ये उभा राहायचा. पाठ आमच्याकडे. मग वळून आकडा सांगायचा. नवऱ्याला वाचता येत नव्हतं. एकदा तिने घरीच दोन सारखे दगड घेऊन फळीवर पोतं तोलून बघितलं होतं, आदल्या वर्षीच्या पोत्याशी. जड होतं. कोयोतेने हलकं सांगितलं. त्या दिवशी ती त्याला काही बोलली नाही, कारण मुलगा तापाने फणफणला होता आणि औषधाला पैसे हवे होते.

दिवस सहावा, बुधवार, 5 फेब्रुवारी

रस्त्याकडेचं संकलन केंद्र म्हणजे एक विटांची खोली, बाहेर सिमेंटचा पटांगणवजा वाळवणीचा चौक. सकाळी आठपासून माणसं मेकापालवर पोती घेऊन येत होती. आमच्या घरातून तीन पोती. मुलगा दोन, सून एक.

पोतं उघडलं की आधी वास. आंबूस किंवा बुरशीचा आला तर परत. मग मूठभर दाणे मापकात: ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा. आजी मापकाकडे बघतसुद्धा नव्हती. तिने एक दाणा दातांत धरून चावला, त्यावरची खूण बघितली, आणि माणसाने आकडा सांगायच्या आधी मान हलवली. 11 आला.

मग काटा. इलेक्ट्रॉनिक, जमिनीवर ठेवलेला, आकड्यांची पाटी भिंतीवर उंच लावलेली, खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी. बाजूला दहा किलोचं एक लोखंडी वजन ठेवलं होतं. ज्याला शंका येईल त्याने आधी ते वजन ठेवून काटा तपासायचा. आजीने तपासला. खाली वाकून ते वजन स्वतः उचललं, ठेवलं, पाटीवर 10.0 येईपर्यंत थांबली, मग पुन्हा बाजूला ठेवलं. काट्यावरचा तरुण तिच्या दिराचा नातू. त्याने हूं की चूं केलं नाही, उलट वजन उचलायला हातही लावला नाही, कारण ते तिचंच काम होतं.

दुपारी सभा. शंभराच्या आसपास माणसं, बायका एका बाजूला बसलेल्या पण बोलताना मागे नव्हत्या. विषय एकच. काही सभासदांनी, त्यात दोन जुने जाणते, अर्धा माल रात्री कोयोतेला दिला होता. करार पुरा करायला पोती कमी पडणार होती. नियमाप्रमाणे त्यांना काढून टाकता आलं असतं.

सभा चार तास चालली. इथे हात वर करून मत मोजत नाहीत; सगळे बोलतात, मग पुन्हा सगळे बोलतात, आणि कुणीतरी सगळ्यांचं मिळून एक वाक्य करेपर्यंत कुणी उठत नाही. एक माणूस उभा राहिला आणि म्हणाला, मी दिली कोयोतेला, तीन पोती, बायकोचं ऑपरेशन होतं, संस्थेची उरलेली रक्कम ऑगस्टमध्ये येणार, ऑपरेशन ऑगस्टपर्यंत थांबत नाही. कुणी त्याला रागावलं नाही. दुसरा म्हणाला, भाव पुन्हा पडेल, तेव्हा कोयोते या रस्त्याला दिसणार नाही, आणि आपणही नसलो तर कुठे जाणार. एक बाई म्हणाली, जून ते सप्टेंबर घरात मका संपतो, त्या महिन्यांबद्दल आधी बोला. ‘हडकुळे महिने’ म्हणतात इथे त्या काळाला. कॉफी खाता येत नाही.

शेवटी ठरलं ते असं: कुणालाही काढायचं नाही. अजून न बांधलेला माल आजच्या भावाने लगेच विकून उचल वाढवायची. सामाजिक निधीतून या वर्षी गोदामाचा नवा पत्रा होणार होता, तो पुढे ढकलायचा, आणि ते पैसे दुखण्या-बाळंतपणाच्या तातडीच्या कर्जासाठी वेगळे ठेवायचे. पत्रा गळतो हे सगळ्यांना माहीत होतं. अध्यक्षांनी दोन वेळा विचारलं, पत्रा नक्की नको? नको, असं उत्तर आलं.

मला हा निर्णय बरोबर वाटला की चूक हे सांगायचा अधिकार माझा नाही. एवढं मात्र दिसलं की पाकिटावरचा शिक्का ज्याला ‘न्याय्य किंमत’ म्हणतो ती पूर्ण किंमत कधीच नसते. ती पुरत नाही, उशिरा येते, आणि ती पुरवायला गळका पत्रा आणखी एक पावसाळा काढतो. तरीही या खोलीत भाव, वजन आणि करार सगळ्यांसमोर वाचले गेले, आणि कोयोतेला माल देणारा माणूस सगळ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलू शकला.

परतीची गाडी संध्याकाळी होती. निघताना आजीने मला अर्धा किलो दाणे दिले, घरच्या डब्यातले नव्हेत, विकायचे. मी पैसे पुढे केले तर तिने हात मागे घेतले. मुलीने मध्ये पडून समजावलं, तेव्हा ती म्हणाली, मग काट्यावर घाल. आम्ही परत आत गेलो. तिने पिशवी काट्यावर ठेवली, भिंतीवरच्या पाटीकडे बघितलं. 0.6 आले. तिने पिशवी उघडली, चार-चार दाणे करत काढत राहिली, पाटीवर 0.5 दिसेपर्यंत. मग तोंड बांधून माझ्या हातात दिली, मी दिलेले पेसो मोजले, तरुणाकडून माझ्या नावाची पावती फाडून घेतली आणि उरलेले दाणे पदरात घेऊन वाळवणीच्या चौकात टाकायला निघून गेली.